आवाजात शिरलेली शीळ

सेलूत कुणी वारलं की घरच्यांचा पहिला फोन नातेवाइकांना जातो आणि दुसरा सिद्धोधन वाव्हळेला. नाव, वय, गल्ली आणि अंत्यविधीची वेळ एवढं सांगितलं की तासाभरात भागवतची रिक्षा टपावर भोंगा बांधून बाहेर पडते आणि सिद्धोधनचा आवाज गावभर फिरतो. ‘दुःखद निधन’ हे दोन शब्द तो असे म्हणतो की चहा प्यायला बसलेला माणूस कप खाली ठेवतो. तोच आवाज दुसऱ्या दिवशी साड्यांचा सेल सांगतो, लग्नात नवरदेवाच्या मामाला स्टेजवर बोलावतो आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं असतो. मानवतपासून जिंतूरपर्यंत हा आवाज न ओळखणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही.

तर या आवाजाच्या मागं कुत्री रडायला लागली, त्याची ही हकीकत.

मार्च महिना होता. दुपारी भागवत रिक्षा घेऊन परत आला, पण रोजच्यासारखा ओट्यावर टेकला नाही. पंधरा वर्षांची दोघांची जोडी. एक बोलायचा आणि दुसरा ते बोलणं गावभर न्यायचा. भागवत उभ्याउभ्याच म्हणाला, “सिधूभाऊ, एक सांगू का? राग नका मानू.”

“सांग की.”

“रिक्षा गल्लीत शिरली की कुत्रे रडायलेत. आज चार ठिकाणी झालं. एक म्हातारी बाहेर येऊन म्हणली, बंद कर बाबा ते, कुणाच्या घरावर काय आणायलाव?”

सिद्धोधन मोठ्यानं हसला. त्याच्या बैठकीत समोरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. वडील सूर्यभान यांनी लहानपणीच पोरांना बजावलं होतं की घुबड हा पक्षी आहे, मांजर हे जनावर आहे आणि कुत्र्याला दुखलं-खुपलं की ते रडतं. यापलीकडं त्यात काही नाही. सिद्धोधन त्या शिकवणीवर पन्नाशी ओलांडून आला होता. “उन्हाळा लागला, भागवत. तहानले असतील,” तो म्हणाला. भागवत हसला नाही.

सिद्धोधनचं आयुष्य आवाजातच गेलं. अठराव्या वर्षी तो वडिलांच्या मागोमाग जिनिंगमध्ये लागला. सरकी काढणाऱ्या मशिनींची लांबच लांब रांग, दोन्ही बाजूंनी घरघराट, आणि मधे नाकाडोळ्यांत रुई भरलेली माणसं. तिथं शेजारचा माणूस काय म्हणतो ते कानाला कळत नसे. ओठांकडं बघून ओळखावं लागे. बारा वर्षं त्यानं तो घरघराट खाल्ला. एका जयंतीला निवेदकाचा घसा बसला, कुणीतरी माईक याच्या हातात कोंबला, आणि तासाभरात मैदानातली माणसं एकमेकांना विचारू लागली की हा पोरगा कुणाचा. पुढच्या हंगामाला तो जिनिंगवर गेलाच नाही.

पण खरं सांगायचं तर त्याचा अभिमान आवाजाचा नव्हता, कानाचा होता. “आवाज देणारे छप्पन सापडतील, कान देणारा एक दाखवा,” असं तो म्हणायचा, आणि त्यात फुशारकी फार नव्हती. गावातल्या निम्म्या मंडपवाल्यांचे अँप्लिफायर त्यानं कानानं लावलेले. भजनी मंडळ असो की भीमगीतांची गायन पार्टी, कार्यक्रमाआधी साऊंड बघायला सिद्धोधनच लागे. तो मैदानाच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि बोटांनी खुणा करायचा: हे कमी, ते जास्त. घर या कानावर उभं होतं. तो गेला तर आवाज असूनही त्याला कुणी बोलावणार नव्हतं, कारण वाकडंतिकडं बोलणं सरळ कसं ऐकू येईल हे ठरवायचं कामच कानाचं. हे तोही जाणून होता, म्हणून तर थंडीत मफलर पहिल्यांदा कानाला बांधायचा.

त्याची काम करायची एक रीत होती. रेकॉर्डिंग तो घरीच करी, आतल्या खोलीत, चारी बाजूंनी गोधड्या टांगून. साधा माईक, वायर थेट लॅपटॉपच्या छिद्रात. फक्त एक पथ्य: चार्जर लावलेला असला की लॅपटॉप आवाजात घाण करतो, हे त्याला फार पूर्वी कळलं होतं. म्हणून तो लाईट जायची वाट बघायचा. सगळी गल्ली लोडशेडिंगला शिव्या घालत असायची आणि हा मात्र खुशीत उठून माईकसमोर बसायचा. शेजारची पिठाची गिरणी बंद, पंखे बंद, लॅपटॉप बॅटरीवर. त्या शांततेत सांगितलेली जाहिरात स्वच्छ उतरायची.

हिवाळ्यात ती बॅटरी मेली. चार्जर काढला की लॅपटॉप जागीच डोळे मिटू लागला. मग सिद्धोधन चार्जर लावूनच रेकॉर्डिंग करू लागला. पहिल्या दिवशी त्यानं कान देऊन ऐकलं. पूर्वी यायची ती घाण आता नव्हती. ‘सुधारलं वाटतं,’ असं मनाशी म्हणून तो पुढं गेला. इथंच तो चुकला, आणि ही चूक त्याच्याइतका कानावर भरवसा असलेला माणूसच करू जाणे.

भागवतच्या बोलण्याला आठवडा झाला नाही तोच दत्तरावांचा निरोप आला. दत्तराव कापडवाले, वीस वर्षांचे गिऱ्हाईक. मोंढ्याच्या बाजाराजवळ त्यांचं दुसरं दुकान उघडायचं होतं. ते स्वतःच आले, पाणी प्याले, आणि मान खाली घालून म्हणाले, “सिद्धोधनराव, यावेळी जरा राहू द्या. मानवतचा एक पोरगा हाय, त्याच्याकडून करून घेतो.”

“कामून? माझं काय चुकलं?”

“चुकलं काहीच न्हाई. पण उद्घाटन हाय. रिक्षामागं कुत्रे रडलेले बरे दिसत न्हाईत. मी मानीत न्हाई ओ, पण घरातले...”

घरातले मानतात असं म्हणणारे तीन जण सिद्धोधनला त्या आठवड्यात भेटले. तशात एक विचित्र गोष्ट घडली. एका गल्लीत साडीच्या सेलची रिक्षा फिरली, कुत्र्यांनी गळा काढला, आणि त्याच गल्लीतले दोन म्हातारे चार दिवसांच्या अंतरानं गेले. दोघंही नव्वदीच्या घरातले, वर्षभर अंथरुणाला खिळलेले. पण त्यांच्या मयतीची खबर सांगायलाही आवाज सिद्धोधनचाच होता. रिक्षा पुन्हा त्याच गल्लीत शिरली, पुन्हा कुत्री रडली, आणि मग गावाला काही सांगायची गरजच उरली नाही. बाया लेकरांना ओढून आत नेऊ लागल्या. ‘दुःखद’ म्हणायच्या आतच दारं लागू लागली.

सिद्धोधन चिडला, आणि चिडण्याच्या खाली कुठंतरी भ्यालाही. एका सकाळी तो मोटारसायकल घेऊन रिक्षाच्या मागोमाग निघाला. बियाण्याची जाहिरात होती. रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर एक काळं कुत्रं नालीच्या कडेला झोपलं होतं. रिक्षा वीस पावलांवर आली तशी त्यानं मान उचलली, उठून उभं राहिलं, तोंड आभाळाकडं केलं आणि लांब सूर लावला. पलीकडून दुसऱ्यानं लावला. शाळेला निघालेल्या दोन पोरी थांबल्या आणि त्यांनी कानात बोटं घातली.

भोंग्यातून सिद्धोधनला ऐकू येत होता तो फक्त स्वतःचा आवाज. स्वच्छ, जाड, जसा असायला हवा तसा. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

मग त्यानं बुद्धीला पटेल असा मार्ग धरला. आधी भागवतचा भोंगा बदलला. कुत्री रडली. अँप्लिफायर बदलला. रडली. मग त्याला वाटलं, घराची अर्थिंग सुकली असेल. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीनच कोरडी, तर वीज जाणार कुठं? त्यानं मागच्या अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, दोन दिवस घागरीनं पाणी ओतलं. नवी जाहिरात रेकॉर्ड केली. भागवत फेरी मारून आला आणि त्यानं नुसती मान हलवली.

त्या दिवशी दुपारी जेवताना त्याची बायको सत्यशीला म्हणाली, “अर्थिंगनं काय व्हणार हाय? त्यात शीळ हाय ना.”

“कसली शीळ?”

“बारीक. सुईवानी. तुमी बोलायलाव त्याच्या मागं सारखी चालू ऱ्हाती. थंडीपासून हाय.”

सिद्धोधननं घास ताटात ठेवला. “मग सांगितलं कामून न्हाई?”

“मला वाटलं तुमाला ऐकू येत असंल,” ती म्हणाली. “तुमचा कान. मी काय सांगायचं तुमाला?”

तो उठला, लॅपटॉप लावला, आवाज पूर्ण वाढवला, कान स्पीकरला चिकटवला. काहीच नाही. पण त्यानं एका क्षणात दुसरी वाट काढली: लॅपटॉपच भिकार आहे. आतला स्पीकर एवढासा, त्यात काय ऐकू येणार? दोष यंत्राचा. ही वाट सापडली तसा त्याला हायसं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी तो परभणीला गेला.

दुकानदार समजूतदार होता. त्यानं विचारलं, “गाणी ऐकायची का रेकॉर्डिंग करायचं? नुसती ऐकायची तर आतलं साऊंड कार्ड चालतंय, उगं पैसे घालू नका. पण माईक लावायचा असंल तर आतल्याचा काही उपयोग न्हाई. तिथं एका पाटीवर सगळं दाटीवाटीनं बसलेलं. पंखा तिथंच, चार्जरचा करंट तिथूनच. गिरणीच्या भिंतीला पाळणा बांधल्यावर लेकरू झोपंल का?” मग त्यानं वहीएवढी एक डबी पुढं ठेवली. वेगळं साऊंड कार्ड. माईक त्याला लावायचा, त्याची एक वायर लॅपटॉपला. आवाज लॅपटॉपच्या पोटात शिरायच्या आधीच इथं धरला जातो, म्हणजे घाण मिसळायला वाव नाही.

“शीळ जाईल?” सिद्धोधननं विचारलं.

“जाईल की. ऐकलं की कळंलच तुमाला.”

घरी येईपर्यंत मुलगी निकिता कॉलेजातून आली होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि लॅपटॉपचं तिला बापापेक्षा जास्त कळत होतं. तिनं डबी जोडली. सिद्धोधननं एकच ओळ दोनदा म्हटली: आधी जुन्या छिद्रातून, मग नव्या कार्डातून. निकितानं मोठ्या स्पीकरवर पहिली लावली. सत्यशीलाच्या कपाळाला आठी पडली. दुसरी लावली. आठी गेली.

“आई गं, किती फरक!” निकिता म्हणाली.

“दात दुखायचा थांबल्यावानी झालं,” सत्यशीला म्हणाली.

सिद्धोधनला दोन्ही ओळी सारख्याच ऐकू आल्या. अगदी सारख्या. “हां,” तो म्हणाला, “लय फरक हाय.”

निकिता गमतीत होती. “पप्पा, आता डोळे मिटा. मी अदलाबदल करते, कोणती ते सांगा.” त्यानं सांगितलं. ती हसली. “पुन्हा.” त्यानं सांगितलं. तिसऱ्यांदाही चुकीचंच सांगितलं तेव्हा ती हसली नाही, आणि तिनं हळूच स्पीकर बंद केला.

नव्या कार्डानं आपलं काम चोख केलं, यात शंका नाही. पुढच्या सकाळी भागवत फेरी मारून आला तो ओट्यावर ऐसपैस बसला. “भाऊ, एकबी कुत्रं उठलं न्हाई. सगळे झोपलेले.” दोन आठवड्यांत दारं उघडी राहू लागली. दत्तराव पेढे घेऊन आले आणि मानवतच्या पोराच्या कामात कशी मजा नव्हती ते सांगून गेले. जयंतीच्या रेकॉर्डिंगची रांग लागली. गावानं अपशकून जितक्या झटपट मानला तितक्याच झटपट विसरून टाकला. सत्यशीलाला वाटलं, आता नवरा पूर्वीसारखा बोलेल. पण तो गप्पच राहू लागला.

तो मोजदाद करत होता. चिमण्या कधीपासून ऐकू येत नाहीत? त्याला वाटायचं त्या गावातून गेल्या. परवा अंगणात दहा-बारा दिसल्या, चोची उघडत-मिटत होत्या. मोबाईल दुसऱ्या खोलीत वाजला की सत्यशीला आणून हातात देते, हे कधी सुरू झालं? कुकर झाला का म्हणून तो कधीपासून विचारतो? आणि तिच्याशी बोलताना तो नेहमी तिच्या तोंडाकडं बघतो. प्रेमानं बघतो असं तिला वाटत आलं असेल, त्यालाही तसंच वाटत होतं. जिनिंगमधली सवय वीस वर्षांनी घरात कधी येऊन बसली, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

एका दुपारी तो जुन्या फायली उघडून बसला. प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत त्याची सेटिंग जपलेली असते: जाड आवाज किती, बारीक आवाज किती. दहा वर्षांपूर्वीच्या फायलीत बारीक आवाजाची खूण बरोबर मधोमध होती. पुढच्या वर्षी थोडी वर. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर. दर वर्षी त्यानं स्वतःच्या हातानं, कानाला बरं वाटेल तेवढी ती खूण चढवत नेली होती. यंदा ती टोकाला टेकली होती. म्हणजे चार्जरनं शीळ घातली खरी, पण तिला भोंग्यातून गावभर ओरडायला लावलं होतं यानंच. आता वर चढायला जागा उरली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा सिद्धोधनला कुत्र्यांचं रडणं खरं वाटलं. ती कुणाच्या मरणावर रडत नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. तरी आपल्या कानावर ती आधीच रडून गेली होती.

निकितानं मागून येऊन ते पाहिलं. ती म्हणाली, “पप्पा, कानाची एक टेस्ट असते. घरीच करता येते. आता कार्ड चांगलं आहे, तर नीट होईल. करू या?”

“कर,” तो म्हणाला.

तिनं सत्यशीलालाही हाक मारली, एकट्या बापाला बसवायला तिला जड जात असावं. तिघं सतरंजीवर बसले. पंखा बंद केला. लॅपटॉप मधे. “एकच सूर वाजंल,” निकिता म्हणाली. “खालून सुरू होईल आणि वर वर जाईल, किती वर गेला त्याचा आकडा पडद्यावर दिसेल. डोळे मिटायचे. ऐकू येतंय तोवर हात वर. बंद झाला की हात खाली. फसवायचं नाही.”

तिघांनी डोळे मिटले, हात वर केले. सूर आला, आधी जड, छातीत गुणगुणल्यासारखा. मग चढला. सिद्धोधनला तो ओळखीचा वाटला. आयुष्यभर त्यानं असेच सूर तर लावले होते. तो आणखी चढला, बासरीसारखा झाला, मग त्याहून पातळ. सिद्धोधननं सगळा जीव कानात आणला. सूर दोऱ्यासारखा बारीक झाला, आणि तुटला.

त्यानं हात खाली घेतला. खोलीत शांत होतं. निकिता ‘झालं’ म्हणेल म्हणून तो थांबला. बराच वेळ झाला. मग त्यानं डोळे उघडले.

निकिता समोर होती, डोळे घट्ट मिटलेले, हात सरळ वर. सत्यशीलाचाही हात वर होता, पण तिचे डोळे उघडे होते आणि ती त्याच्याकडं बघत होती. मधे लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा चढत होता. चार हजार कधीच मागं गेले होते.

सत्यशीलानं सावकाश हात खाली आणला आणि मांडीवर ठेवला.

“संपला बगा,” ती म्हणाली. “मलाबी ऐकू येत न्हाई आता.”

सिद्धोधननं पडद्याकडं पाहिलं. सहा हजार. सात हजार. निकिताचा हात अजून तसाच वर होता, आणि ओठांवर लहानपणी खेळात जिंकताना यायचं तसं हसू होतं.

“हां,” तो म्हणाला, “संपला.”